शनिवार-रविवारच्या तीन चळती

मे २०२५ मधली गोष्ट, भारत-पाकिस्तान संघर्षाचे दिवस. ८ तारखेच्या रात्री मी आमच्या घरच्या ग्रुपवर एक क्लिप पुढे ढकलली. काळंकुट्ट आकाश, खालून वर झेपावणाऱ्या लाल रेषा, मध्येच एक विमान पेट घेतं. खाली जवानांना सलामही ठोकला. अर्ध्या तासात पुतण्याचा फोन. “काकू, आधी ती क्लिप काढा. लढाई नाही ती, आर्मा आहे. गेम. होस्टेलवर रात्र-रात्र खेळायचो आम्ही.”

एकतीस वर्षं ग्रंथालयाच्या टेबलामागे बसून मी लोकांना सांगत आले, की पुस्तक हातात घेतलं की आधी आतलं पान बघा. लेखक कोण, आवृत्ती कितवी, साल कोणतं. फोन हातात आल्यावर मात्र माझं मीच विसरले. त्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख झाल्याचंही सांगून टाकलं होतं आणि तसं काही झालंच नव्हतं, त्यामुळे मूर्ख ठरलेली मी एकटी नव्हते. तरी लाज वाटायची ती वाटलीच.

तेव्हापासून शनिवार-रविवारचं वाचन मी ठरवून करते. आमचे भाऊजी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, ते आणि कराडातल्या माझ्या तिघी-चौघी मैत्रिणी हळूहळू त्यात आल्या. ‘यादी द्या’ असं दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं. यादी दोन आठवड्यांत शिळी होते, म्हणून इथे पद्धत सांगते आणि आम्ही वाचलेले काही कागद सांगते.

शुक्रवारी रात्री

टेबलावर तीन चळती लावायच्या. एक राजकारणाची, एक फौजेची, एक मोबाईलची. चळत म्हटलं तरी प्रत्येकीत कागद एकच. सुरुवातीला मी हौसेने पाच-पाच ठेवायचे आणि रविवारी रात्री सगळे तसेच कपाटात जायचे.

कागद निवडायचा कसा? आठवडाभर ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त ओरडाआरडा झाला ती गोष्ट घ्या आणि तिच्यामागचा रटाळ कागद शोधा. तो बहुतेक वेळा असतोच. न्यायालयाचा निकाल, संसदीय समितीचा अहवाल, मंत्र्याने सभागृहात केलेलं निवेदन, राजपत्रातली अधिसूचना. टीव्हीवर चौघं भांडतात तेव्हा त्यांच्यापैकी एकाने तरी तो वाचलेला असेल असं धरून चालू नका.

संसदेतल्या जुन्या चर्चा, समित्यांचे अहवाल, निकालपत्रं हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दोन वाटा आहेत. सर्वोच्च न्यायालय काही निकालांचे मराठी अनुवाद ठेवतं, तो आहे का ते आधी बघा. संसदेचे कागद बहुधा हिंदीतही असतात. ती हिंदी जरा जड असते, पण भाऊजींसारख्या फौजी माणसाला ती इंग्रजीपेक्षा नक्कीच जवळची.

सगळा कागद छापू नका. पहिली पाच पानं, शेवटची दहा आणि अनुक्रमणिकेतून निवडलेलं एक प्रकरण, एवढंच पेन ड्राइव्हवर टाकून झेरॉक्सवाल्याकडे द्या. स्क्रीनवर वाचलं तर मध्येच मेसेज येतो आणि माणूस गेला तो गेला.

शनिवारी सकाळी राजकारण

राजकारण सकाळी ठेवायचं कारण एवढंच, की तेव्हा डोकं थंड असतं.

आम्ही सुरुवात केली ती ११ मे २०२३ च्या निकालापासून. शिवसेनेच्या फुटीवरचा, सुभाष देसाई यांच्या नावाने ओळखला जाणारा, पाच न्यायमूर्तींचा निकाल. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचं सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणींमध्येही दोन्ही बाजूंच्या आहेत आणि दोघींनाही आपलंच खरं हे पाठ होतं. निकाल कोणीच वाचला नव्हता. मीही नाही.

असा निकाल शेवटून वाचायचा. शेवटी निष्कर्ष क्रमाने दिलेले असतात. ते वाचताना एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा आणि कोणता मुद्दा कोणाच्या बाजूने गेला ते दोन्हीकडे लिहीत जा. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, हे एका बाजूला. उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून जुनी स्थिती परत आणता येत नाही, हे दुसऱ्या बाजूला. शिंदे यांना सरकार बनवायला बोलावणं योग्य, हेही तिकडेच. प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश देणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, नुसत्या विधिमंडळ पक्षाचा नाही, हे पुन्हा इकडे. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय आधी विधानसभा अध्यक्षांनी करायचा, हे मधल्या रेघेवर. एक जुना निकाल सात न्यायमूर्तींकडे पाठवला, तो तर रेघेच्या बाहेरच.

कागद भरला तेव्हा आमच्यातल्या दोघी बराच वेळ गप्प होत्या. एकीने चहा टाकला. मत कोणाचंच बदललं नाही, ते बदलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण ‘कोर्टानेच सांगितलंय’ हे वाक्य आमच्या गच्चीवर त्यानंतर जरा जपून वापरलं जातं.

निष्कर्ष झाले की मागे जाऊन फक्त ज्या मुद्द्यावर तुम्हाला राग आला त्याचीच कारणमीमांसा वाचा. राग आलेला मुद्दा माणूस नीट वाचतो.

नव्या कागदाला जोडून कधीतरी एखादा जुना घ्यावा. निवडणूक आयोगावरून वाद पेटला की आम्ही संविधान सभेतली जून १९४९ मधली चर्चा काढतो. आयुक्त सरकारच्या ताटाखालचं मांजर निघाला तर काय, हा प्रश्न तिथे शिब्बनलाल सक्सेना यांनी उभा केला होता आणि घटनेत त्यावर पक्का उपाय नाही हे डॉ. आंबेडकरांनी मान्यही केलं होतं. मग २ मार्च २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्याच वर्षाच्या शेवटी झालेला कायदा हे दोन्ही शेजारी ठेवले, की चौऱ्याहत्तर वर्षांची एकच गोष्ट तीन तुकड्यांत समोर येते. निकालाने आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीश बसवले होते, कायद्याने त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आणला. बाकी तुम्ही वाचा.

शनिवारी चार वाजता फौज

ही चळत आमच्याकडे सगळ्यात जाड. साताऱ्यात घर म्हटलं की कोणीतरी मिलिटरीत असतोच, आणि ज्याच्या घरात फौजी आहे त्याला फौजेवर वाचायची गरज वाटत नाही. भाऊजींचंही तेच म्हणणं होतं. “वहिनी, मी तिथे होतो. मला काय वाचायचंय?”

मी म्हटलं, तुम्ही पलटणीत होता, दिल्लीत नव्हता.

इथे नवख्याने आधी एक काम करावं. शिडी पाठ करावी. कंपनी म्हणजे साधारण सव्वाशे माणसं, पलटण म्हणजे बटालियन, आठशेच्या आसपास. तीनेक पलटणी मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेडी मिळून डिव्हिजन, त्यावर कोर आणि मग कमांड. ‘मराठा रेजिमेंट लढायला गेली’ असं आपण म्हणतो, पण रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही. तिच्या पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडींखाली देशभर विखुरलेल्या असतात. ही शिडी डोक्यात नसेल तर लढाईचं कुठलंही वर्णन नुसता धूर वाटतो. मराठी विश्वकोशात युद्धशास्त्राच्या नोंदी आहेत, मंडळाचं कार्यालय आपल्या वाईलाच. शब्द अडला की तिथे बघा.

मग कागद. आमचा पहिला होता २ सप्टेंबर १९६३ चा, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत केलेलं निवेदन.

कराडच्या माणसाला हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे कोणी शिकवावं लागत नाही. प्रीतिसंगमावर चव्हाणांची समाधी आहे, गावात त्यांचं घर ‘विरंगुळा’ आहे, दर नोव्हेंबरला भाषणं होतात. पण धावून गेल्यावर तिथे सह्याद्रीला काय दिसलं, हे ज्या कागदात आहे तो आमच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. मी तर ग्रंथपाल.

चीनकडून झालेल्या १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तो अहवाल सरकारने अधिकृतपणे अजून खुला केलेला नाही, २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला तेवढाच. म्हणून चव्हाणांचं निवेदन महत्त्वाचं. बंद खोलीच्या दाराखालून येणारा उजेड म्हणा. चौकशी पाच गोष्टींची होती: प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचा वकूब. वाचताना समासात एक ते पाच आकडे टाका आणि प्रत्येकापुढे मंत्री किती ओळी बोलले ते मोजा. कुठे हात सैल सोडलाय आणि कुठे आवरलाय ते लगेच कळतं.

साधनसामग्रीपाशी भाऊजी थांबले. सामान कमी होतंच, असं निवेदनात म्हटलंय, पण खरी अडचण ते वेळेत वर पोचवण्याची होती. मैदानाच्या टोकापर्यंत ते येत होतं, तिथून पुढे विमानाने, खेचरावर नाहीतर माणसाच्या पाठीवर. “हे बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले. “आमच्या वेळीही वर काय चढवायचं आणि काय खाली ठेवायचं, यावरच निम्मी भांडणं.” मग त्यांनी दीड तास एका पोस्टवरच्या रॉकेलच्या जेरीकॅनची हकीकत सांगितली, ती इथे देत नाही.

अधिकाऱ्यांबद्दलचा भाग त्यांनी दोनदा वाचला. ब्रिगेडपर्यंतच्या कमांडरांनी बहुतांशी काम निभावलं आणि उणिवा दिसल्या त्या त्याहून वरच्या पातळीवर, असं मंत्री सभागृहात सांगतो. कोणाचं नाव नाही, शिव्या नाहीत. शिडी पाठ असली तर मात्र बोट कुठे आहे ते बरोबर कळतं.

त्यानंतर कारगिल. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला गेला. यासाठी नकाशा हवाच. जमिनीवर पसरता येईल एवढा घ्या आणि पेन्सिलीने झोजी ला, द्रास, कारगिल, बटालिक, तुर्तुक अशा खुणा करा. श्रीनगर-लेह रस्ता लाल करा. तोलोलिंग १३ जून १९९९ ला परत घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. त्या दोन शिखरांपासून रस्ता किती जवळ आहे हे नकाशावर बोट ठेवल्याशिवाय समजत नाही आणि ते समजल्याशिवाय अहवालातलं निम्मं कळत नाही. सुरक्षेसाठी काही मजकूर गाळलाय. तो कोणत्या प्रकरणांत गाळलाय तेही टिपून ठेवा.

एक सावधगिरी. तिन्ही दलांसाठी एकच प्रमुख हवा ही शिफारस कारगिल समितीची, असं सर्रास लिहिलं जातं. ती स्पष्ट शब्दांत आली २००१ च्या मंत्रिगटाच्या अहवालात. अमलात यायला डिसेंबर २०१९ उजाडला आणि १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत त्या पदावर बसले. आपल्याकडे फायली कशा चालतात याचा अंदाज यायला एवढं पुरे.

संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवाल मला व्यक्तिशः फार आवडतात. कोरडे, पण खरपूस. मार्च २०१८ चा घ्या. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे, निवृत्त मेजर जनरल खंडुरी. त्यांच्यासमोर लष्कराचे उपप्रमुख सांगतात, की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, २४ टक्के आजच्या काळातली आणि ८ टक्के अत्याधुनिक. हे एखाद्या विरोधकाने भाषणात म्हटलं असतं तर त्याला देशद्रोही म्हणून मोकळे झालो असतो. एकच अट: हे आकडे २०१८ चे आहेत. आज कोणी फेकले तर आधी साल विचारा. आणि मूळ अहवालानंतर काही महिन्यांनी सरकारच्या उत्तरांचा वेगळा अहवाल येतो. त्यात समितीने न स्वीकारलेली उत्तरं असं एक प्रकरण असतं. वेळ कमी असेल तर तेवढंच वाचा.

अर्थसंकल्पाचंही सांगून टाकते. २०२५-२६ ची संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी. ती ऐकून लोकांना वाटतं, एवढ्याची शस्त्रं. नवी खरेदी ज्यातून होते तो भांडवली खर्च त्यातला १.८० लाख कोटी, तर पेन्शनचे १.६० लाख कोटी. भाऊजींचं पेन्शनही त्यातच. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुढची लाडवांची बशी माझ्याकडे सरकवली.

रविवारी संध्याकाळी मोबाईल

मोबाईलची चळत शेवटी, कारण दोन दिवस कागद वाचल्यावर फोनमधला मजकूर वेगळा दिसायला लागतो.

इथला पहिला कागद म्हणून मी राईनपाडा सुचवते. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून मंगळवेढ्याकडच्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरणारी मुलं पळवण्याची एक क्लिप मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती, शेवटचा खुलासा कापलेली. त्या आठवड्याची जुनी वर्तमानपत्रं वाचनालयात मागा आणि बातमी रोज कशी बदलत गेली ते वाचा. मग १७ जुलै २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा झुंडबळींवरचा निकाल, ज्यात प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलंय. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आपल्या फोनमध्ये ‘फॉरवर्डेड’ शब्द आणि पुढे दोन बाण कुठून आले हे त्यातून कळतं. दोन बाण म्हणजे मेसेज अनेक हातांतून आलाय. माझ्या त्या क्लिपवर ते होते.

दुसरा कागद कसाबच्या फाशीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल. तो प्रचंड आहे, सगळा वाचू नका, त्यातला प्रसारमाध्यमांवरचा भाग काढा. सीमेपलीकडे बसलेली माणसं आपल्याच वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण बघून ताजमधल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होती, त्या संभाषणांच्या आधारे न्यायालयाने वाहिन्यांना खडसावलंय. २६ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचाली थेट दाखवू नका असा सल्ला काढला. तो याच निकालाशेजारी ठेवून वाचावा. तेव्हा कॅमेरा फक्त वाहिन्यांकडे होता, आता स्टेशनवर रणगाड्यांची रेल्वे दिसली की तुमच्या-माझ्या खिशातून निघतो.

आणि वाद घालायची हौस असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सरकारी फॅक्ट चेक युनिटवरचा निकाल. सरकारबद्दलची माहिती खोटी आहे हे सरकारनेच ठरवावं का, हा प्रश्न. ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांचं मत दोन टोकांना गेलं. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि असं युनिट नेमण्याचा नियम रद्द झाला. यात मजा अशी, की तिसऱ्यांचं मत न वाचता आधी पहिल्या दोघांची वाचायची, घरात दोन बाजू वाटून घ्यायच्या, आणि मग तिसरा कागद उघडायचा. आमच्याकडे भाऊजींनी गोखल्यांची बाजू घेतली आणि फार चांगली लढवली.

क्लिप तपासायची कृती थोडक्यात. व्हिडिओ थांबवा, स्पष्ट दिसणाऱ्या क्षणी स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये टाका, हेच चित्र आधी कधी आलं होतं ते बघा. आवाज बंद करून एकदा बघा, कारण निम्मा भरवसा आवाजावर बसलेला असतो. लढाईच्या क्लिपमध्ये कॅमेरा अजिबात हलत नसेल, माणसांचा बोलण्याचा आवाज नसेल, धूर एकसारखा गोल उठत असेल, तर घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला विचारा. लाजू नका.

रविवारी रात्री नऊला वही. प्रत्येक कागदापुढे तीनच ओळी: कोणी लिहिला, कधी लिहिला, काय सांगायचं टाळलं. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

येत्या शनिवारचा कागद भाऊजींनी ठरवलाय, २००१ चा मंत्रिगटाचा अहवाल. त्यांनी तो सोळाच्या टायपात छापून मागितलाय, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. पानं दुप्पट होणार. झेरॉक्सवाला आत्तापासून खूश आहे.